लिनक्सवर विंडोजचा गेम रखडतो, तेव्हा दोष भाषांतराचा असतोच असे नाही

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो तुम्हाला लगेच दिसेल. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही विंडोज सोडून लिनक्सवर आलात. लॅपटॉप तोच आहे आणि त्यात प्रोसेसरमधले इंटेलचे ग्राफिक्स व एनव्हीडियाचे स्वतंत्र कार्ड असे दोन्ही आहेत. डायरेक्टएक्स ११ या विंडोजच्या ग्राफिक्स-व्यवस्थेवर चालणारा जो गेम विंडोजवर सेकंदाला सुमारे ६० फ्रेम देत होता, तो आता स्टीम या गेमच्या दुकानातून, विंडोजच्या गेमच्या मागण्यांचे लिनक्ससाठी भाषांतर करणाऱ्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरच्या आधाराने २२ ते २५ फ्रेम देतो, शिवाय नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर गोठते. गेम तुम्ही पुन्हा उतरवून घेतला नाही, जुन्या विंडोजच्या पार्टिशनवरूनच चालवत आहात. प्रोटॉनच्या चार आवृत्त्या बदलून झाल्या, एकदा संपूर्ण डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) बदलून झाला, तरी फरक पडला नाही. म्हणून तुम्ही विचारता की हे सॉफ्टवेअर मुळातच इतके मंद असते का, आणि असेल तर मुकाट्याने विंडोजवर परत जावे का.

इतके मंद ते नसते, आणि या ‘इतके’ शब्दातच निदानाचा धागा आहे. गेम किती टक्क्यांनी मंदावला यावरून दोष कोणत्या मजल्यावर शोधायचा हे बरेचसे ठरते. साठाचे पंचावन्न झाले असते तर मी म्हटले असते की ही भाषांतराची किंमत आहे, ती मान्य करा आणि खेळा. साठाचे बावीस होतात तेव्हा मात्र भाषांतराकडे बोट दाखवण्यापूर्वी मी वेगळीच शंका घेतो: गेम ज्या वाटेने चालला आहे असे आपण समजतो, त्या वाटेने तो चाललेलाच नाही. तुमच्या मजकुरात दोन तक्रारीही एकत्र मिसळल्या आहेत. सरासरी वेग कमी असणे ही एक, आणि अधूनमधून चित्र गोठणे ही दुसरी. या दोहोंची कारणे बहुधा निराळी असतात, म्हणून त्या वेगळ्या करूनच लिहितो.

हे सॉफ्टवेअर नेमके काय करते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण ते कळले की बरेच उपाय आपोआप गळून पडतात. प्रोटॉनचा गाभा असलेल्या वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या नावाचा विस्तारच ‘वाइन हा एम्युलेटर नव्हे’ असा आहे. हा शब्दच्छल नाही. एम्युलेटर दुसऱ्या यंत्राच्या प्रोसेसरची नक्कल करतो आणि म्हणून प्रत्येक सूचनेमागे काही ना काही गमावतो. तुमच्या लॅपटॉपवर मात्र गेमचा मूळ कोड तुमच्याच प्रोसेसरवर जसाच्या तसा धावतो. फाइल उघड, खिडकी दाखव, अमुक थ्रेड (कामाचा एक स्वतंत्र धागा) थांबव अशा ज्या मागण्या गेम विंडोजला उद्देशून करतो, तेवढ्याच वाइन मध्ये अडवून लिनक्सकडून पुऱ्या करून घेतो. यातली सर्वांत जड मागणी चित्र काढण्याची असते. ती डायरेक्टएक्सच्या भाषेत येते आणि लिनक्सवरच्या ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) व्हल्कन ही भाषा कळते. डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमसाठी डीएक्सव्हीके आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे दुभाषे मध्ये बसतात. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केलेला प्रोटॉन म्हणजे वाइन, हे दुभाषे आणि काही पूरक भाग यांचे एकत्र बांधलेले गाठोडे आहे.

दुभाषा चांगला असेल तर तो प्रोसेसरचा थोडा वेळ खातो. ग्राफिक्स कार्डाचे काम मात्र तो फारसे वाढवत नाही, कारण शेवटी कार्डाला तितकेच त्रिकोण आणि तितकेच पिक्सेल रंगवायचे असतात. त्यामुळे कार्डाची ताकद जिथे पूर्ण वापरली जाते अशा गेममध्ये फरक सहसा काही टक्क्यांचाच राहतो, आणि काही गेममध्ये लिनक्स पुढेही जातो. डीएक्सव्हीके येण्यापूर्वी वाइन डायरेक्टएक्सचे भाषांतर ओपनजीएलमध्ये करत असे. त्या काळी निम्मा वेग मिळाला तरी आम्ही समाधान मानत होतो. तेव्हाचे लेख अजून शोधात वर येतात आणि ‘एवढे चालायचेच’ असा समज पसरवतात, म्हणून हा इतिहास सांगितला.

आता तपासणीकडे वळतो. सर्वांत आधी मोजमाप हवे, आणि त्यासाठी मँगोहड हे खेळताना आकडे दाखवणारे साधन बसवा. स्टीममध्ये गेमच्या गुणधर्मांत लाँच ऑप्शन्सची चौकट असते. तिथे रोमन लिपीत लहान अक्षरांत मँगोहडचे नाव, मग एक मोकळी जागा, आणि मग दोन टक्केचिन्हांच्या मध्ये कमांड हा शब्द लिहिला की गेमच्या कोपऱ्यात आकडे दिसू लागतात. नुसता फ्रेमचा आकडा पाहून थांबू नका. कार्डाचे नाव, कार्डावरील भार, त्याची घड्याळगती (ते किती वेगाने काम करते तो दर), व्हिडिओ मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवरील भार आणि फ्रेमवेळेचा आलेख या सर्व गोष्टी त्याच्या सेटिंगमधून चालू करता येतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि २२ फ्रेम म्हणजे सुमारे ४५ मिलिसेकंद. हे जादाचे २८-२९ मिलिसेकंद कुठे जातात, असा प्रश्न विचारला की शोध नेमका होतो.

तुमच्या बाबतीत पहिली नजर कार्डाच्या नावावर टाका. दोन कार्डांच्या लॅपटॉपमध्ये गेम इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालत असणे हे माझ्या पाहण्यातले सर्वाधिक आढळणारे कारण आहे, आणि साठाचे बावीस होणे त्याच्याशी अगदी जुळते. पण इथे एक बारकावा आहे जो बहुतेक सल्ल्यांत सुटतो. गेमला दुसऱ्या कार्डावर ढकलण्यासाठी प्राइम नावाची सोय आहे आणि त्यासाठी लाँच ऑप्शन्समध्ये अमुक एक चल (व्हेरिएबल) लिहा असे तुम्हाला लगेच सांगितले जाईल. मात्र डीएक्सव्हीकेसमोर दोन्ही कार्डे असतील तर तो स्वतःहून स्वतंत्र कार्डाला पहिली पसंती देतो. म्हणजेच डायरेक्टएक्स ११ चा तुमचा गेम तरीही इंटेलवर चालत असेल, तर एनव्हीडियाचे कार्ड व्हल्कनला दिसतच नसण्याची शक्यता फार मोठी आहे. तसे असेल तर प्राइमचे चल लिहून काही होणार नाही, कारण जे कार्ड यादीतच नाही ते निवडता येत नाही.

हे पडताळण्यासाठी व्हल्कनइन्फो हे छोटे साधन टर्मिनलमध्ये सारांशाच्या पर्यायासह चालवा. त्यात व्हल्कनला दिसणाऱ्या उपकरणांची यादी येते. यादीत एलएलव्हीएमपाइप असे एक विचित्र नाव दिसले तर बिचकू नका, ते प्रोसेसरवर चित्र काढणारे राखीव साधन आहे आणि यादीत त्याचे असणे नेहमीचेच. यादीत फक्त तेच उरले असेल तर मात्र गंभीर बाब आहे, कारण तेव्हा सगळे चित्र प्रोसेसर काढतो आणि गेम बावीस कसला, दोन-तीन फ्रेमवर रांगतो. तुमचा गेम बावीसवर आहे, यावरून इंटेलचे व्हल्कन तरी जागेवर असावे असा माझा अंदाज आहे.

एनव्हीडियाचे नाव यादीत नसण्यामागे नेहमीची तीन-चार कारणे असतात. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बसवलेलाच नसतो आणि कार्ड नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर चालत असते. अनेक डिस्ट्रो मूळ स्थितीत हेच देतात. किंवा ड्रायव्हर बसवलेला असतो, पण बायोसमधले सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याने त्याचे सही नसलेले मॉड्यूल, म्हणजे जोडायचा भाग, कर्नल (लिनक्सचा गाभा) आत घेत नाही. किंवा कर्नल अद्ययावत झाला आणि त्याच्यासाठी मॉड्यूल पुन्हा बांधले गेलेच नाही. किंवा स्टीम फ्लॅटपॅकमधून, म्हणजे आपले भाग सोबत आणणाऱ्या स्वतंत्र पॅकेजमधून, बसवलेले असते. तिथे यंत्रावरचा ड्रायव्हर आणि फ्लॅटपॅकच्या आतला ड्रायव्हर यांची आवृत्ती एकच असावी लागते, आणि यंत्राचा ड्रायव्हर पुढे गेला व आतला मागे राहिला की स्टीमला कार्ड दिसेनासे होते. एनव्हीडिया-एसएमआय ही आज्ञा चालवून पाहा. तिने कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती दाखवली तर मॉड्यूल चालू आहे, चूक दाखवली तर दोष त्याच्याही खाली आहे.

नूव्होबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे कार्डाची पिढी फार महत्त्वाची ठरते. एनव्हीडियाच्या ९०० आणि १००० या मालिकांमधल्या कार्डांची घड्याळगती नूव्होला वाढवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे सही केलेले फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) त्याला उपलब्ध नाही. कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहते, आणि अशा वेळी ते अंगभूत ग्राफिक्सपेक्षाही मागे पडू शकते. त्यानंतरच्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांवर परिस्थिती बरीच सुधारली आहे. तिथे मेसा या मुक्त ग्राफिक्स-संचामधला एनव्हीके हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर खऱ्या अर्थाने वापरता येतो. तरीही गेमसाठी आज मी कंपनीचाच ड्रायव्हर बसवण्याचा सल्ला देईन. मुक्त सॉफ्टवेअरवर माझे प्रेम आहे, पण तुम्ही फ्रेमबद्दल विचारले आहे. तुमचे कार्ड एएमडीचे असते तर उत्तर उलट दिले असते, कारण तिथे मेसाचा आरएडीव्ही हा व्हल्कन ड्रायव्हरच चांगला पर्याय आहे आणि तो बहुतेक डिस्ट्रोंत मुळातच असतो.

यावरून तुमच्या आधीच्या प्रयत्नांना यश का आले नाही हेही कळते. प्रोटॉनच्या चार आवृत्त्या म्हणजे चार वेगवेगळे दुभाषे, पण ड्रायव्हर त्या सर्वांच्या खाली असतो आणि तो चारही वेळा तोच होता. नव्या डिस्ट्रोनेही पहिल्यासारखाच मूळ ड्रायव्हर दिला असावा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला. यात तुमची चूक नाही. ‘प्रोटॉन बदलून पाहा’ हा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की तोच पहिला उपाय असावा असे कोणालाही वाटेल. गेम सुरूच होत नसेल किंवा चित्रात विचित्र डाग दिसत असतील तेव्हा तो सल्ला रास्त आहे. निम्म्याहून कमी वेग मिळत असेल तेव्हा तो फार क्वचित उपयोगी पडतो.

समजा, कार्डाचे नाव बरोबर आहे आणि त्यावरील भार ९५-९९ टक्के आहे, तरी वेग कमीच आहे. मग घड्याळगती आणि वीजवापर पाहा. कार्ड पूर्ण राबते आहे पण हळू राबते आहे, असा त्याचा अर्थ होतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल, डेस्कटॉपच्या वीजपर्यायांत बचतीचा पर्याय निवडलेला असेल किंवा पंखे उष्णता बाहेर टाकण्यास अपुरे पडत असतील, तर असे घडते. एनव्हीडियाच्या काही नव्या लॅपटॉपांमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात वीज वाटून घेण्याची डायनॅमिक बूस्ट नावाची सोय असते. विंडोजवर ती आपोआप चालते, लिनक्सवर त्यासाठी एनव्हीडिया-पॉवरडी ही सेवा चालू असावी लागते. ती बंद असेल तर कार्डाला त्याच्या वाट्याची काही वीज मिळत नाही, आणि दोष नाहक प्रोटॉनच्या माथी जातो. एकदा मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ सेटिंग बदलण्यात घालवली होती. लॅपटॉप वीजबचतीवर होता हे रात्री झोपताना लक्षात आले.

याउलट कार्डावरील भार चाळीस-पन्नास टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण भरलेला असेल, तर कार्ड वाट पाहते आहे आणि प्रोसेसर त्याला वेळेत काम पुरवू शकत नाही. भाषांतराची खरी किंमत इथे दिसते. अशा वेळी चित्राची गुणवत्ता किंवा रिझोल्यूशन कमी करून काहीच वाढत नाही, आणि हीच त्याची साधी परीक्षा आहे: रिझोल्यूशन निम्मे करा, फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरकडे आहे. गेममध्ये सावल्या, गर्दी आणि दूरवर दिसणाऱ्या वस्तूंची संख्या कमी केल्यास प्रोसेसरचा भार हलका होतो. फेरल इंटरॲक्टिव्हचे गेममोड हे साधन गेम चालू असेपर्यंत प्रोसेसरची गती वरच्या पातळीवर ठेवते, त्याचाही थोडा उपयोग होतो. थोडाच. ते जादू करत नाही.

प्रोसेसरच्याच संदर्भात थ्रेडच्या समन्वयाचा मुद्दा येतो. आधुनिक गेम एकाच वेळी अनेक थ्रेड चालवतात आणि ते एकमेकांसाठी सतत थांबतात. साध्या वाइनमध्ये अशा प्रत्येक थांब्यासाठी वाइनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रक्रियेशी बोलावे लागत असे आणि त्या हेलपाट्यांत वेळ जाई. त्यावर आधी ईसिंक, मग एफसिंक आणि अलीकडे एनटीसिंक असे उपाय आले. एफसिंकला लागणारी सोय मुख्य कर्नलमध्ये ५.१६ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आली, आणि एनटीसिंक मार्च २०२५ मधल्या ६.१४ मध्ये. तुम्ही स्टीममधला प्रोटॉन वापरता, त्यामुळे कर्नल फार जुना नसेल तर यातली एक सोय आपोआप चालू असते. एनटीसिंकमुळे वेग कित्येक पट वाढल्याचे आलेख तुमच्या पाहण्यात आले असतील. त्यांतली तुलना बहुधा साध्या वाइनशी असते. एफसिंक आधीच चालू असेल तर मिळणारा फरक पुष्कळ कमी असतो. केवळ त्यासाठी कर्नल बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

इथवर लिहिलेले सर्व सरासरी वेगाबद्दल होते: आधी कार्डाचे नाव, मग त्यावरील भार, भार पूर्ण असेल तर घड्याळगती आणि वीज, भार अपुरा असेल तर प्रोसेसर. दोन्हीकडे भार कमी आणि तरीही फ्रेम अगदी ३० किंवा ४० अशा गोल आकड्यावर खिळलेल्या दिसल्या, तर कुठेतरी मर्यादा घातलेली आहे. गेममधले व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणारी सोय) आणि फ्रेममर्यादा पाहून घ्या.

आता चित्र गोठण्याची दुसरी तक्रार. गेमसोबत शेडर नावाचे छोटे प्रोग्राम येतात. प्रकाश, पाणी, धूर कसा रंगवायचा हे ते कार्डाला सांगतात. ते डायरेक्टएक्सच्या मधल्या भाषेत असतात. दुभाषा त्यांना व्हल्कनच्या मधल्या भाषेत आणतो आणि ड्रायव्हर त्यापासून तुमच्या कार्डाचा खास मशीन-कोड बनवतो. या शेवटच्या पायरीला वेळ लागतो. डायरेक्टएक्स ११ मध्ये चित्राच्या वेगवेगळ्या अवस्था सुट्या सुट्या ठरवता येतात, तर व्हल्कनला मूळ रचनेत सगळी जुळवाजुळव एकदम हातात लागत असे. त्यामुळे गेमने प्रत्यक्ष चित्र काढायला सांगेपर्यंत शेवटचा कोड बनवता येत नसे, आणि पहिला स्फोट पडद्यावर येण्याच्या क्षणीच सगळे थबकत असे. दुसरा स्फोट सुरळीत होई, कारण बनलेला कोड तोवर साठवलेला असे. तुमच्या वर्णनातले ‘नव्या भागात शिरताना’ हे शब्द या खुणेशी जुळतात.

यावर खरा उपाय व्हल्कनमध्ये ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी नावाची भर घालून झाला. तिच्यामुळे शेडरचे तुकडे आधीच, गेम लोड होत असतानाच तयार करता येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० ने तिचा वापर सुरू केला. अट अशी की ड्रायव्हरनेही ती पुरवली पाहिजे. म्हणजे पुन्हा आपण ड्रायव्हरपाशी आलो. तुमच्या यंत्रावर कंपनीचा अद्ययावत ड्रायव्हर बसला की वेग वाढेलच, आणि गोठण्यातला मोठा भागही त्याच वेळी नाहीसा होईल अशी माझी अपेक्षा आहे. गेम सुरू होण्यापूर्वी स्टीम ‘व्हल्कन शेडरवर प्रक्रिया चालू आहे’ अशा अर्थाची पट्टी दाखवते. कंटाळून ती वगळू नका, निदान पहिल्या खेपेला तरी. ड्रायव्हर बदलला की साठवलेला कोड बाद होतो आणि ते काम पुन्हा करावे लागते, त्यामुळे अद्ययावत केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. डीएक्सव्हीकेची ‘एसिंक’ नावाची सुधारित आवृत्ती बसवा असा सल्ला जुन्या चर्चांत हमखास आढळतो. आधार देणारा ड्रायव्हर असेल तर तिची आता गरज उरलेली नाही.

गोठण्याची आणखी दोन कारणे तुमच्या बाबतीत संभवतात. व्हिडिओ मेमरी भरली की जास्तीचा माल यंत्राच्या साध्या मेमरीत जातो आणि तो परत आणताना झटका बसतो. मँगोहडमध्ये हा आकडा कार्डाच्या क्षमतेला टेकलेला दिसला तर टेक्स्चरची (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांची) गुणवत्ता एक पायरी खाली आणा, आणि मागे उघडे ठेवलेले ब्राउझर बंद करा. दुसरे कारण म्हणजे तुमचे विंडोजचे पार्टिशन. ते एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचे आहे. जुन्या एनटीएफएस-३जी ड्रायव्हरमधून ते जोडलेले असेल तर वाचन कर्नलच्या बाहेरून होते आणि प्रोसेसरचा वेळ खाते. त्याहून मोठी अडचण अशी की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जी खोटी सी ड्राइव्ह उभारतो, तिच्यात विसर्गासारखे चिन्ह असलेली नावे लागतात, आणि विंडोजच्या नियमांत ती बसत नाहीत. त्यातून होणारे बिघाड शोधायला फार अवघड जातात. गेम लिनक्सच्या पार्टिशनवर हलवा. या एका गोष्टीवर मी परिस्थितीनुसार वगैरे काही म्हणणार नाही.

जाता जाता एक साधी गोष्ट. कुणाच्या सांगण्यावरून लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग (कामाची नोंदवही) चालू केला असेल तर तो काढून टाका. काही गेम सेकंदाला हजारो ओळी लिहितात आणि त्या लिहिण्यातच वेग जातो. माझ्याकडे मदतीसाठी आलेल्या एकाने दोष शोधण्यासाठी तो लॉग लावला होता; मूळ दोष तीन आठवड्यांपूर्वीच सुटला होता, आणि उरलेला मंदपणा त्या लॉगचाच होता. त्या चौकटीत आज जे जे साठले असेल ते पुसून कोऱ्या पाटीवर सुरुवात करा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करतो. हाच गेम डायरेक्टएक्स १२ वर चालत असता आणि कार्ड एनव्हीडियाचे असते, तर सर्व काही नीट बसवूनही विंडोजपेक्षा जाणवण्याइतकी घट राहिली असती; एएमडीवर तीच घट सहसा कमी असते. गेममध्ये ११ आणि १२ असा पर्याय असेल तर आधी ११ वापरून पाहावा. यंत्र फार जुने असेल तरी चित्र बदलते. डीएक्सव्हीके २.० पासून पुढे व्हल्कन १.३ लागते. एनव्हीडियाच्या केप्लर पिढीसाठी कंपनीने ड्रायव्हर ४७० वर थांबवला आणि तो व्हल्कन १.२ पर्यंतच जातो; इंटेलच्या हॅसवेल पिढीत व्हल्कनचा आधार अपुराच आहे. अशा यंत्रांवर जुना डीएक्सव्हीके १.१०.३ किंवा त्यावर आधारलेला जुना प्रोटॉन वापरणे शहाणपणाचे, आणि त्यांच्याबाबत विंडोजवर परत जाण्याचा विचारही मी चुकीचा म्हणणार नाही. जुने, ३२ बिटचे गेम खेळायचे असतील तर ड्रायव्हरचा ३२ बिटचा भागही वेगळा बसवावा लागतो. तो नसला की ६४ बिटचे गेम छान चालतात आणि जुने मात्र अडतात, त्यामुळे माणूस पार गोंधळून जातो.

विंडोजवर परत जावे का, याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण तुम्ही अजून तुमच्या कार्डावर लिनक्स पाहिलेलेच नाही असा माझा संशय आहे. ड्रायव्हर लावून, लाँच ऑप्शन्स रिकामे करून, गेम लिनक्सच्या पार्टिशनवर हलवून आणि लॅपटॉप वीजजोडणीवर ठेवून त्याच एका दृश्यात पाच मिनिटे उभे राहा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा लिहून ठेवा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झाले हे तुम्हालाही सांगता येणार नाही, मग मला कसे कळणार?

तरीही वेग पन्नासच्या वर गेला नाही तर पुढच्या खेपेला एवढे कळवा: कार्डाचे पूर्ण नाव, व्हल्कनइन्फोच्या सारांशातली उपकरणांची यादी, कर्नल आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या, स्टीम फ्लॅटपॅकचे आहे की डिस्ट्रोच्या भांडारातले, आणि मँगोहडचे आकडे दिसतील असे गेममधले एक चित्र. ते चित्र गेमच्या मेनूमधले नको, प्रत्यक्ष खेळतानाचे हवे. मेनूमध्ये सगळीच यंत्रे वेगवान दिसतात.